बालगंधर्वांची वेषभूषा : वैभव आणि त्याचे मोल

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांतल्या स्त्रियांनी शालू कसा नेसावा, पदर कसा सावरावा आणि अंबाड्यावर फुले कशी माळावीत, ह्याचा वस्तुपाठ ज्या व्यक्तीपासून घेतला ती व्यक्ती पुरुष होती. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, ह्यांच्या गायनाविषयी मराठीत विपुल लिहिले गेले आहे. त्यांच्या वस्त्रालंकारांचा उल्लेख मात्र बहुधा कौतुकाने वा हळहळीने होतो आणि तेथेच थांबतो. वास्तविक ती वेषभूषा त्यांच्या कलेचेच एक अंग होती, आणि त्या कलेची किंमत कोणी व कशी चुकविली हेही तिच्याच इतिहासातून कळते.

सांगलीस १८४३ साली विष्णुदास भावे ह्यांनी सीतास्वयंवराचा खेळ केला, तेव्हापासून स्त्रियांची कामे पुरुषच करीत आले. १८८० साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर ह्यांनी पुण्यात संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणले आणि नटाच्या रूपाइतकेच त्याच्या गळ्याला महत्त्व आले. भाऊराव कोल्हटकर हे त्या युगाचे मानकरी. ते १९०१ साली निवर्तले. त्यांची उणीव भासत असतानाच १९०५ साली मिरजेस किर्लोस्कर मंडळीच्या रंगमंचावर शकुंतलेच्या वेषात राजहंस उभे राहिले. लोकमान्य टिळकांकडून लाभलेले ‘बालगंधर्व’ हे नाव त्या वेळी त्यांच्यासोबत होतेच.

संगीत नाटकाची रीत ध्यानी घेतली म्हणजे वस्त्रांचे महत्त्व उमगते. पदाला ‘वन्स मोअर’ मिळे. तेच पद आलापतानांनी नटवून पुन्हा पुन्हा गायिले जाई. प्रयोग रात्रभर चाले. इतका वेळ कथानक जागच्या जागी थांबे आणि प्रेक्षकांची दृष्टी एकाच आकृतीवर खिळून राही. वरवर रंगविलेले सोंग अशा दीर्घ निरीक्षणापुढे टिकत नाही. म्हणून बालगंधर्वांना शालू हवा तो अस्सल जरीचा, वेणी हवी ती ताज्या फुलांची आणि अत्तर हवे ते उंची. भरजरी नऊवारीला स्वतःचे वजन असते. ते वजन अंगावर वागविताना चाल आपोआप मंद होते, पदर सावरण्यासाठी हात विशिष्ट लयीत हलतो, मान किंचित झुकते. वस्त्र अशा रीतीने अभिनयाला शिस्त लावीत असे. साथीलाही त्यांना अहमदजान थिरकवाँसारखे तबलजी लागत. वस्त्र निवडताना आणि वादक निवडताना त्यांची कसोटी एकच होती.

ह्याचा अर्थ ते केवळ झगमगाटाचे भोक्ते होते असा नव्हे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ १९११ साली रंगभूमीवर आले. त्याचा विषयच मुळी वैभव आणि गुण ह्यांतील झगडा हा आहे. श्रीमंत भामिनी निर्धन पण शूर अशा धैर्यधराचा अव्हेर करते आणि पुढे वनमालेच्या साध्या वेषात त्याला ओळखू लागते. म्हणजे अलंकार उतरविणे हा त्या नायिकेच्या मनःपरिवर्तनाचा भाग होता. आणि जे अंगावर खरे शोभले असेल तेच उतरविल्यावर खरे जाणवते. १९१६ च्या ‘स्वयंवरा’तील रुक्मिणी हे त्यांच्या राजस रूपाचे शिखर मानले जाते. पण तीनच वर्षांनी, १९१९ साली, राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मध्ये मद्यपी नवऱ्याच्या संसारात होरपळणारी दरिद्री सिंधू त्यांनी तितक्याच तन्मयतेने उभी केली. रुक्मिणीच्या शालूवर भाळलेल्या प्रेक्षकांना सिंधूच्या जात्यापुढे रडू आवरेना.

ह्या रूपाचा परिणाम नाट्यगृहाबाहेरही झाला. त्या काळी कुलीन स्त्रीला रंगभूमीवर पाऊल ठेवणे शक्य नव्हते. प्रेक्षागृहात मात्र ती येऊ लागली होती. घरंदाजपणा आणि सौंदर्य ही दोन्ही एकत्र नांदू शकतात असे चित्र तिला तेथे दिसले. तिने ते नेसण्यात उचलले, केशरचनेत उचलले. बालगंधर्वांची छबी साबण आणि पावडरीसारख्या मालाच्या विक्रीसाठी वापरली गेली. मुंबईच्या गुजराती रंगभूमीवर जयशंकर ‘सुंदरी’ ह्यांनीही ह्याच काळात असाच प्रभाव पाडला होता. ह्या साऱ्यात एक बोचरी विसंगती आहे. स्त्रीत्वाचा आदर्श पुरुष घडवीत होता आणि स्त्री तो प्रेक्षागृहात बसून गिरवीत होती.

वैभवाचे मोल मंडळीला द्यावे लागले. गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस ह्यांच्या भागीत १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. पुढे हे दोन्ही भागीदार बाहेर पडले आणि बालगंधर्व एकटे मालक राहिले. १९२० च्या ‘द्रौपदी’साठी मयसभेच्या देखाव्यावर अतोनात खर्च झाला. कर्ज साचत गेले. रसिक हे मायबाप, त्यांना उणे दाखवू नये, ही त्यांची श्रद्धा होती. हिशेबाची वही त्या श्रद्धेपुढे दुय्यम ठरली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत केशवराव भोसले ह्यांच्यासह त्यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ केला. त्याच महिन्याच्या अखेरीस त्याच शहरात महात्मा गांधींनी परदेशी कापडाची होळी पेटविली. वस्त्राकडे पाहण्याची देशाची दृष्टी बदलत होती.

ह्या संदर्भात कर्नाटकाकडे, बंगळूरच्या बाजूस, दृष्टी टाकणे उद्बोधक ठरेल. तेथे गुब्बी वीरण्णा ह्यांची नाटक मंडळीही भपक्यासाठीच प्रसिद्ध होती. त्यांच्या ‘कुरुक्षेत्रा’त प्रत्यक्ष हत्तीघोडे रंगमंचावर येत. परंतु वीरण्णांनी भव्यता सबंध देखाव्यात विखुरली, स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांना दिल्या, नाट्यगृहे उभारली आणि बोलपट येताच त्या धंद्यातही पाऊल टाकले. बालगंधर्वांचे वैभव मात्र एका देहाभोवती आणि एका कंठाभोवती गुंफलेले होते. त्यामुळे ते अधिक उत्कट झाले आणि अधिक नाशवंतही.

काळाचा फटका लवकरच बसला. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ ह्या बोलपटात दुर्गा खोटे तारामती झाल्या. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केली. त्यात स्त्रियांनीच स्त्रीभूमिका केल्या आणि पात्रे रोजच्या घरातल्यासारखी वावरली. १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’मध्ये बालगंधर्व एकनाथांच्या पुरुषवेषात दिसले, पण त्यांचे मन तेथे रमले नाही. ते पुन्हा रंगभूमीकडे आणि स्त्रीवेषाकडे वळले. वय उलटले होते, आणि ज्या स्त्रीला त्यांनी नेसायला शिकविले होते ती आता स्वतःच रंगमंचावर उभी होती.

१९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९६७ साली त्यांचे देहावसान झाले. पुढील वर्षी पुण्यात उघडलेल्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊस्कर ह्यांनी रंगविलेली त्यांची दोन चित्रे लागली, एक पुरुषवेषातील आणि एक स्त्रीवेषातील. २०११ साली त्यांच्या जीवनावर मराठी चित्रपट निघाला आणि त्यातील वेषभूषेसाठी नीता लुल्ला ह्यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला. गायकाच्या चरित्रपटाला वस्त्रांसाठी गौरव मिळावा, ह्यातच त्या वस्त्रांची योग्यता सिद्ध होते.

बालगंधर्वांना उधळे म्हणणे सोपे आहे, आणि ऋणकोंच्या यादीत त्यांचे नाव होते हेही खरे. परंतु त्या खर्चाचा लाभ त्यांच्या पदरात पडला नाही. तो प्रेक्षकांच्या पदरात पडला. तिकिटाच्या चार पैशांत रसिकांनी जे राजवैभव पाहिले त्याची उरलेली किंमत एका कलावंताने आयुष्यभर फेडली. त्या शालूची जरी काळवंडली असेल. त्या ऋणाची नोंद मात्र मराठी रसिकतेच्या वहीत आपल्याच नावावर आहे.