दांड्याची सायकल, बिनदांड्याची सायकल

आज आम्ही बोलणार आहोत जुन्या सायकलींबद्दल. तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी जिन्याखाली नाहीतर परसात एखादी गंजलेली सायकल उभी असेल. दर दिवाळीच्या साफसफाईत तिचा विषय निघतो आणि भंगारवाला किलोला किती देईल, याचा हिशोब होतो. तो हिशोब करण्याआधी एवढी गोष्ट ऐका.

आज आपण ओळखतो त्या सायकलीचा सांगाडा 1885 मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात ठरला. जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ नावाची सायकल आणली. त्याआधी पुढचं चाक छातीला लागेल एवढं उंच आणि मागचं चिमुकलं, अशा सायकली होत्या. पायडल थेट पुढच्या चाकाला, म्हणून वेग हवा तर चाकच मोठं करायचं. तोल गेला की माणूस डोक्यावर पडायचा. झगा घालून तिच्यावर चढायचं तर नावच नको. रोव्हरची दोन्ही चाकं जवळजवळ सारखी होती आणि मागचं चाक साखळीने फिरायचं. 1888 मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं आणि हाडं खिळखिळी करणारा प्रवास सुसह्य झाला.

याच 1888 साली आपल्या बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलचं दुकान काढलं. लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडीचा कारखाना, हे सगळं त्यानंतरचं. आणि पुढे याच घरातून 1930 मध्ये ‘स्त्री’ मासिक निघालं. बायकांच्या हातात मासिक देणाऱ्या घराची सुरुवात सायकल विकण्यापासून झाली, हे आम्हाला फार आवडतं.

आता दांड्याकडे येऊ. सीटपासून हँडलपर्यंत जाणारी आडवी नळी, तिला आपण दांडा म्हणतो. झगेवाल्या बायकांसाठी कारखानदारांनी तो दांडा काढला आणि नळी खाली वाकवली. पण सांगाड्याची ताकद त्या दांड्यातच असते. तो काढला की खालच्या नळ्या भक्कम कराव्या लागतात आणि सायकल जड होते. शिवाय कपडा अडकू नये म्हणून साखळीवर पूर्ण झाकण आलं आणि मागच्या चाकावर दोऱ्यांची जाळी आली. म्हणजे बाईला बसायला मिळालं, पण ओझं थोडं जास्त घेऊन! तरी त्या बसल्याच. अमेरिकेत बायकांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या सुझन अँथनी यांनी 1896 मध्ये एका मुलाखतीत म्हटलं होतं, की बाईला मोकळं करण्यात सायकलीने जेवढं केलं तेवढं दुसऱ्या कशानेच केलं नाही.

आपल्याकडे सुरुवातीला सगळा माल विलायतेहून यायचा. स्वातंत्र्यानंतर इथेच कारखाने उभे राहिले. 1949 मध्ये मद्रासला टी. आय. सायकल्स आणि 1956 मध्ये लुधियानात हीरो सायकल्स सुरू झाली. जुन्या विलायती आणि नव्या देशी सायकली रस्त्यावर शेजारी शेजारी धावू लागल्या, आणि एकीचे भाग दुसरीला लागू लागले.

म्हणूनच जुनी सायकल वाचायला शिकावं लागतं. बी.एस.ए.ची खूण म्हणजे तीन बंदुका, कारण ही कंपनी मुळात बर्मिंगहॅमची बंदुका बनवणारी. रॅलेच्या पुढच्या दातेरी चक्रात बगळ्याची डोकी कोरलेली दिसतात. हंबरचा पुढचा चिमटा दोन्ही बाजूंना जोडनळ्यांचा असतो. स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब मिळाला, तर तो रॉकेलने पुसून पाहा. बऱ्याच हबांवर तो बनल्याचं साल आणि महिना ठोकलेला असतो.

काही गोष्टी आम्ही हात काळे करून शिकलो. जुन्या रॅलेच्या क्रँकच्या वाटीला इंचाला 26 आटे असतात आणि बाकीच्या बहुतेक इंग्रजी सायकलींना 24. जबरदस्तीने फिरवलं तर दोन्हीचे आटे जातात. क्रँकची कॉटर पिन नुसती हातोडीने ठोकली तर वाकते. आधी तेल सोडायचं, रात्रभर थांबायचं, खाली पक्का आधार द्यायचा आणि मग एकच नेमका घाव. कातडी सीट तेलात भिजवायची नाही, ती लोंबते. नाकाशी असलेला नट जरासा आवळला की ती ताठ होते. चाकाचा आऊट काढताना मात्र घाई करायची नाही. एकेक तार पाव फेरा, बस्स.

आमच्या एका मैत्रिणीच्या आईची लेडीज सायकल आम्ही सगळ्या जणींनी मिळून अशीच उघडली. आई मेसचे डबे पोचवायच्या. कॅरिअरवर वेल्डिंग करून डब्यांसाठी लोखंडी कडं बसवलेलं होतं आणि हँडलमागे लेकीसाठी छोटी सीट होती. रंग तर तीनदा बदललेला. जुन्या सायकलींचे एक जाणकार गृहस्थ आले. ते म्हणाले, “ताई, हे कडं कापून टाका, सीट काढा, मूळ काळा रंग द्या. मग हिला किंमत येईल.”

त्यांचंही चूक नव्हतं. कारखान्यातून निघाली तशी सायकल जपणं, हाही इतिहासच आहे. पण आम्ही विचारात पडलो. कडं कापलं तर उरेल काय? इंग्लंडच्या कारखान्याची आठवण उरेल, आणि त्या सायकलीवर घर चालवणारी बाई पुसली जाईल.

तेव्हा आम्हाला तमिळनाडूतला पुदुकोट्टई जिल्हा आठवला. तिथे 1990 नंतरच्या साक्षरता मोहिमेत बायकांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवली गेली. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे. एक लाखाहून जास्त बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली कमी पडल्या, पण पुष्कळ जणींना दांड्याचीच सायकल बरी वाटली, कारण दांड्यावर मूल बसवता येतं! बायकांची अडचण म्हणून जो दांडा शंभर वर्षांपूर्वी काढला होता, तोच त्यांनी सोय म्हणून मागून घेतला. बाईला कोणती सायकल हवी, हे तिच्या दिवसभराच्या कामावरून ठरतं.

शेवटी आम्ही ते कडं ठेवलं. गंज काढला, बेअरिंगमधले छर्रे बदलले, ब्रेकचे रबर नवे घातले. रंग उडालेल्या जागी तिन्ही थर दिसतात, ते तसेच राहू दिले. आईंनी सायकलीवर हात फिरवला, घंटी वाजवली आणि म्हणाल्या, “कड्यात चार डबे बसायचे गं. पाचवा हँडलला.”

हे कुठल्याच कंपनीच्या कागदावर सापडणार नाही. तेव्हा मैत्रिणींनो, जिन्याखालची सायकल भंगारात देण्याआधी एक करा. ती कोणी चालवली, कुठे जायला, तिला काय काय जोडलं, हे घरातल्या मोठ्या बायकांना विचारा आणि लिहून ठेवा. सायकल नाही ठेवता आली तरी चालेल, तेवढा कागद ठेवा.