परसातील हळदीकुंकू आणि एका फुलपाखराचा इतिहास

शेंदरी पाकळ्या आणि त्यांच्या मधोमध पिवळा मुकुट, असे दुरंगी तुरे धारण करणाऱ्या ज्या झुडपाला आपल्याकडे हळदीकुंकू म्हणतात, ते मूळचे आपले नव्हे. ओढ्याच्या काठी, पाटाच्या कडेला, पडीक जागी ते इतके सहज वाढलेले दिसते की, त्याच्या परकेपणाची शंका कोणास येत नाही. त्याची जन्मभूमी अमेरिका खंडाचा उष्ण प्रदेश. शोभेचे झाड म्हणून माणसाने ते जगभर नेले आणि बागेचे कुंपण ओलांडून ते रानात रुळले. स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५३ साली त्याला अ‍ॅस्क्लेपियास कुरासाविका असे शास्त्रीय नाव दिले. नावाचा पूर्वार्ध प्राचीन ग्रीकांच्या वैद्यकदेवतेवरून आलेला, तर उत्तरार्ध कॅरिबियन समुद्रातील कुरासाव बेटावरून. वैद्यकदेवतेचे नाव मिरविणारे हेच झाड आज उत्तर अमेरिकेत एका सुंदर फुलपाखराच्या आजाराला हातभार लावीत आहे. हे कसे घडले, याचा वृत्तान्त वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटते. कारण या प्रकरणातील बहुतेक माणसे चांगल्या हेतूनेच वागली होती.

या कुळातील झाडांचे पान खुडले की पांढरा चीक येतो. तो विषारी असतो, म्हणून गुरे सहसा त्यांना तोंड लावीत नाहीत. मात्र मोनार्क नावाच्या केशरी-काळ्या फुलपाखराची अळी केवळ याच कुळातील पाने खाते. चिकातले विष ती आपल्या अंगात साठविते आणि पुढे फुलपाखरू झाल्यावर तेच विष पक्ष्यांपासून तिचे रक्षण करते. झाड नाही तर अळी नाही आणि अळी नाही तर फुलपाखरू नाही, असा हा सरळ हिशेब आहे.

शरद ऋतूत कॅनडा आणि अमेरिकेच्या पूर्व भागातून ही फुलपाखरे दक्षिणेकडे झेपावतात, हे लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. ती जातात कोठे, हे मात्र शास्त्रज्ञांना उमगले नव्हते. कॅनडातील प्राणिशास्त्रज्ञ फ्रेड अर्कहार्ट व त्यांच्या पत्नी नोरा यांनी या एका प्रश्नामागे कित्येक वर्षे वेचली. पंखांवर चिकटविण्याच्या इवल्याशा चिठ्ठ्या त्यांनी तयार केल्या आणि १९५२ पासून स्वयंसेवकांचे जाळे उभारले. अखेर २ जानेवारी १९७५ रोजी त्यांचे सहकारी केन ब्रगर आणि मिचोआकानची कन्या कातालिना आग्वादो यांना मेक्सिकोच्या डोंगरात लक्षावधी मोनार्क झाडांना लगडलेली आढळली. पुढच्या वर्षी अर्कहार्ट स्वतः तेथे पोहोचले, तेव्हा मिनेसोटा राज्यात चिठ्ठी लावलेले एक फुलपाखरू त्यांच्या दृष्टीस पडले आणि शंकेला जागा उरली नाही.

या शोधाला शोध म्हणताना आम्हांस किंचित संकोच वाटतो. त्या डोंगरांतील माझावा आणि पुरेपेचा लोकांना ही पाहुणी पिढ्यान् पिढ्या परिचित होती. ती येतात नोव्हेंबरच्या आरंभी, म्हणजे सकल संतांचा सण आणि मृतांचा स्मृतिदिन यांच्या सुमारास. त्यामुळे आपल्या दिवंगत आप्तांचे आत्मेच फुलपाखरांच्या रूपाने भेटीस येतात, अशी त्यांची जुनी धारणा आहे. ज्या वृक्षांवर ही फुलपाखरे हिवाळा काढतात, त्या ओयामेल वृक्षाचे शास्त्रीय नावही आबिएस रेलिजिओसा, म्हणजे धार्मिक वृक्ष असे आहे. कारण त्याच्या फांद्यांनी तेथील चर्चमंदिरे सणासुदीला सजविली जातात. समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार मीटर उंचीवरील या वनात येणारे प्रत्येक फुलपाखरू आयुष्यात प्रथमच तेथे येत असते. गेल्या वसंतात तेथून निघालेल्या फुलपाखरांची ती पतवंडे. वाट दाखविणारे वडीलधारे कोणी हयात नसताना ती वाट कशी सापडते, याचे कोडे अजून पुरते उलगडलेले नाही.

ही फुलपाखरे एकेक करून मोजणे अशक्य असल्यामुळे त्यांनी किती हेक्टर वन व्यापले, यावरून त्यांची संख्या अजमावतात. १९९६-९७ च्या हिवाळ्यात त्यांनी सुमारे १८ हेक्टर वन व्यापले होते. २०१३-१४ मध्ये ते क्षेत्र अवघे ०.६७ हेक्टर उरले. मेक्सिकोतील वृक्षतोड हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अमेरिकेच्या शेतांत होते. १९९६ पासून तणनाशकाला दाद न देणारे सोयाबीन आणि त्यामागोमाग मका पेरला जाऊ लागला. शेतावर तणनाशक फवारावे, पीक तेवढे वाचावे आणि बाकी सारे जळावे, अशी ती पद्धत. त्यात शेतातील चिकाची देशी झाडेही नाहीशी झाली. ज्या झाडाच्या बोंडांतील रेशमी कापूस दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या तरंगत्या जाकिटांत भरण्यासाठी शाळकरी मुलांनी गावोगाव गोळा केला होता, ते झाड आता केवळ तण ठरले.

मग लोकांनी ठरविले की, शेतात नाही तर आपल्या परसात ही झाडे लावू. कॅन्सस विद्यापीठात १९९२ साली सुरू झालेल्या ‘मोनार्क वॉच’ या उपक्रमाने २००५ पासून घरोघरी, शाळाशाळांतून अशा बागा उभारण्यास उत्तेजन दिले. परंतु देशी जातींचे बी थंडीचा मार खाल्ल्याशिवाय सहसा रुजत नाही. त्यांची रोपेही रोपवाटिकांत फारशी मिळत नसत. हळदीकुंकू मात्र पटकन रुजते, लवकर फुलते आणि दिसायला देखणे. विक्रेत्यांनी तेच पुढे केले आणि लोकांनी ते भक्तिभावाने लावले.

दोष नेमका त्याच्या या चिवटपणात होता. देशी झाडे हिवाळ्यात सुकून जमिनीलगत मरतात. टेक्सास, फ्लोरिडा यांसारख्या उबदार प्रदेशांत हळदीकुंकू बारमाही हिरवे राहते. दारीच अन्न मिळाल्यामुळे काही फुलपाखरे मेक्सिकोची वाट सोडून तेथेच राहू लागली. मोनार्कच्या अंगात एक सूक्ष्म परजीवी वाढतो. रोगी मादी अंडी घालताना त्याचे बीजकण पानांवर सांडते. अळी ते पानासोबत गिळते आणि पुढे पंख चुरगळलेले, दुर्बळ फुलपाखरू जन्माला येते. देशी झाड सुकले की त्यावरचे बीजकणही त्यासोबत जात आणि लांबच्या प्रवासात रोगी फुलपाखरे गळून पडत. ही दोन्ही नैसर्गिक शुद्धीकरणे बारमाही झाडाने थांबविली. प्रवास सोडून स्थायिक झालेल्या फुलपाखरांत रोगाचे प्रमाण कितीतरी अधिक असते, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले.

तेव्हापासून तेथील जाणकार सांगू लागले की, शक्यतो आपल्या प्रदेशातील देशी जातच लावावी. हळदीकुंकू ठेवायचेच असेल, तर हिवाळ्याच्या तोंडी ते जमिनीपासून वीतभर उंचीवर छाटून टाकावे. २०२२ साली कॅलिफोर्नियातील मॅरिन, व्हेंचुरा आदी काही परगण्यांत रोपवाटिकांना त्याची विक्री करण्यास मनाई झाली. फुलपाखरांची स्थिती अद्याप नाजूक आहे. २०२४-२५ च्या हिवाळ्यात त्यांनी १.७९ हेक्टर वन व्यापले. आदल्या वर्षीच्या जवळजवळ दुप्पट, तरी पूर्ववैभवाच्या मानाने दशांशच.

आपणास यातून काय घ्यायचे? मोनार्क हे आपल्या देशाचे रहिवासी नव्हे. म्हणून परसातील हळदीकुंकू उपटून टाकावे, असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या पानांवर आपल्याकडचे बिबळ्या कडवा हे केशरी फुलपाखरूही अंडी घालते. मात्र त्याच फुलपाखराला कुंपणावरची आपली रुई पिढ्यान् पिढ्या पोसत आली आहे आणि ‘रान माजले’ म्हणून प्रथम कोयता पडतो तो तिच्यावर. ती राखणे अधिक योग्य. दोन्हींचा चीक डोळ्यांत गेल्यास इजा करतो, म्हणून मुलांना सावध करावे आणि छाटणीनंतर हात स्वच्छ धुवावेत.

देण्याची इच्छा असणे ही मोठी कृपा आहे. परंतु घेणाऱ्याची गरज काय, हे विचारून घेतल्याशिवाय दान पुरे होत नाही. आपल्या धर्मग्रामातील सेवाकार्यांतही हे पारखून घ्यावे लागते. घेणारा अनेकदा बोलत नाही. फुलपाखरू तर नाहीच बोलत. म्हणून पाहणे, शिकणे आणि वेळ आली की स्वतःच्या हाताने लावलेले झाड स्वतःच छाटणे, हेही प्रेमाचेच काम आहे.