सणाचे गाणे : कंठापासून यंत्रापर्यंत

भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धा नावाचे गाव आहे. राई व मोर्वा ही त्याची शेजारची गावे. हा सारा टापू मिठागरांचा. आगरी समाजाचे नावच मुळी 'आगर' या शब्दापासून निघाले आहे. पुढे डोंगरी व उत्तन या बाजूस ख्रिस्ती वस्ती लागते. 2002 साली मीरा-भाईंदर महानगरपालिका स्थापन झाली व ही खेडी तिच्या कारभारात आली; परंतु सणावारी गळ्यातून गाणे निघावयाचे, ही येथील परंपरा शहराहून पुष्कळ जुनी आहे. आपल्याला आवडलेले गाणे दुसऱ्यास द्यावे, ही मनुष्याची हौस सनातन आहे. देण्याची साधने पालटली, तसे देणाऱ्याचे कामही पालटत गेले. त्या पालटाचा हा इतिहास आहे.

आगरी लग्नात धवला गावयाचा असतो. तो गाणारी वयस्क स्त्री धवलारीण या नावाने ओळखली जाते. तिच्यापाशी पोथी नसते. सासू, मावशी, शेजारीण यांच्या मागे बसून जे कानी पडले तेच तिचे भांडवल. या गीतप्रकाराची कुळी मोठी आहे. तेराव्या शतकात महदंबेने श्रीकृष्णविवाहावर रचलेले धवळे हे मराठी स्त्रीच्या सर्वांत जुन्या ज्ञात काव्यांपैकी होत. गौरीच्या सणाला बायका फेर धरून जी गाणी म्हणतात, त्यांचीही रीत हीच. एकीने ओळ म्हणावी, बाकीच्यांनी ती उचलावी. माहेरचे गाणे सासरी पोहोचावयाचे ते लेकीबरोबरच. अशा देवघेवीत गाणे देणारीला ते स्वतः गावे लागे व घेणारीला ते शिकावे लागे. गाणे देणे आणि गाणे गाणे ही दोन कामे नव्हतीच.

लेखणी व छापखाना यांनी या रीतीस पहिला फाटा फोडला. 1893-94 पासून गणेशोत्सवास सार्वजनिक रूप आले आणि मेळे निघू लागले. एकसारखा पोषाख केलेली मुले तालावर पदे म्हणत; धर्माच्या पदांतून स्वराज्याचा सूर हळूच डोकावे. मेळ्यांच्या पदांची लहान लहान पुस्तके छापून निघत, आणि सण संपला तरी पद खिशातून परगावी जाई. सरकारला या पदांची धास्ती वाटली व त्यांवर निर्बंध आले, यावरूनच त्यांचा संचार केवढा होता हे दिसते. तथापि पुस्तकातील पद मुकेच असते. चाल ठाऊक असलेला कोणी भेटल्यावाचून त्यास वाचा फुटत नाही.

चाल व शब्द यांची एकत्र नोंद राहिली तर काय होते, याचे एक उदाहरण नाताळच्या गीतांत सापडते. डोंगरीपासून न्यूयॉर्कपर्यंत ख्रिस्ती जगात ठाऊक असलेले 'शांत रात्र' या अर्थाचे जर्मन गीत ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ या लहान गावी जन्मले. योझेफ मोर हा तेथील साहाय्यक धर्मगुरू. त्याने 1816 साली लिहिलेली कविता 1818 च्या 24 डिसेंबरला आपला मित्र फ्रान्झ ग्रुबर याजकडे नेली. ग्रुबर शेजारच्या गावचा शिक्षक. त्याने चाल बांधली व त्याच रात्री दोघांनी गिटारच्या साथीवर ते गाइले. पुढे ऑर्गन दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने ते टिरोल प्रांतात नेले. तेथील गाणाऱ्या कुटुंबांनी ते गावोगाव फिरविले व 1839 साली ते न्यूयॉर्कला ऐकू आले. प्रवासात गाणे वाढले, पण कर्त्यांची नावे गळून पडली. चाल कोणा थोर संगीतकाराची असावी, असा समज झाला. बर्लिनहून चौकशी आली तेव्हा, 1854 साली, ग्रुबरने खरी हकीकत लिहून दिली. मोर त्यापूर्वीच 1848 साली वारला होता. त्याच्या हातचे हस्तलिखित तर 1995 साली उजेडात आले. एका कागदाने दोन मित्रांचे नाव राखले. धवलारिणीपाशी असा कागद नव्हता.

ध्वनिमुद्रणाने दुसरी क्रांती केली. 1902 साली कलकत्त्यास गौहरजान यांच्या गाण्याचे तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण झाले. एका बाजूस सुमारे तीन मिनिटेच मावत. म्हणून गाणे तेवढ्यात बसवावे लागे. रात्रभर चालणारा धवला अशा तबकडीत बसता ना. 23 जुलै 1927 रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले आणि एकच गाणे एकाच क्षणी सहस्र घरी जाऊ लागले. 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीस, पुणे केंद्रावरून 'गीतरामायणा'चा आरंभ झाला. ग. दि. माडगूळकरांची 56 गीते सुधीर फडके यांच्या चालींवर वर्षभर प्रसृत झाली व ती ऐकून लोक घरोघर गाऊ लागले. मुंबई केंद्राच्या 'आपली आवड' या कार्यक्रमाने श्रोत्यास निवडीचा अधिकार दिला. पत्रात गाण्याचे नाव, आपले नाव व गाव लिहावे, आणि निवेदकाने ते साऱ्या महाराष्ट्रास वाचून दाखवावे. मित्राच्या आवडीचे गाणे आता त्यास न भेटताही देता येऊ लागले. मात्र देणारा गात नव्हता, निवडीत होता.

1980 नंतर ध्वनिफितींनी गाणी स्वस्त केली. आगरी-कोळी गीतांना बाजार मिळाला. ही मोठीच प्राप्ती होय. परंतु बाजारास ठेका धरता येईल असे गाणे रुचते, लग्नविधीशी जखडलेला लांबलचक धवला रुचत नाही. आज मोबाइलवर बोट टेकताच गणपतीचे गाणे दुबईतील मित्रास मिळते. सणाच्या सकाळी एकेका माणसाकडे इतकी गाणी येतात की ऐकून होत नाहीत. वाटप कधी नव्हते इतके वाढले आहे, आणि शिकणे कधी नव्हते इतके घटले आहे.

याचा दोष यंत्राकडे जात नाही. जे यंत्र परक्याचे गाणे गावात आणते, तेच गावचे गाणे टिपूनही ठेवू शकते. त्यास तीन मिनिटांची मर्यादा उरलेली नाही. मुर्ध्यासारख्या गावी वृद्ध गायिकेच्या शेजारी नातीने बसावे, पूर्ण धवला टिपावा, शब्द लिहून घ्यावेत, कोणी, कोठे, कोणत्या विधीला गाइले याची नोंद करावी, आणि मग तो मैत्रिणींना धाडावा. ग्रुबरने एका कागदावर जे केले, त्याहून हे काम अवघड नाही. फरक एवढाच की, ग्रुबरला हकीकत लिहावयास 36 वर्षांची सवड मिळाली. शेवटच्या धवलारिणीच्या बाबतीत तेवढी सवड मिळावयाची नाही.