ॲप ऐकत नाही, बघतं

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. आंबोलीच्या जंगलात पहाटे फोनवरच्या ॲपने ‘शिक्रा’ असं नाव दाखवलं आणि मी ते लगेच वहीत टिपलं. पाच मिनिटांनी आवाज करणारा पक्षी समोर आला, तर तो भृंगराज! शेपटीची दोन लांब पिसं मिरवत पठ्ठ्या शिक्ऱ्याची हुबेहूब नक्कल करत होता. नोंद खोडली. चूक माझीच, कारण न बघता लिहिलं होतं. पण प्रश्न पडला: हे ॲप नेमकं ऐकतं तरी काय?

खरं सांगायचं तर ते ऐकत नाही, चित्र बघतं. आणि आवाजाचं चित्र होण्याचा हा प्रवास बराच जुना आहे.

पक्ष्याच्या गाण्याचं सगळ्यात जुनं ज्ञात ध्वनिमुद्रण १८८९ सालचं. जर्मनीत फ्रँकफर्टला लुडविग कॉख नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने एडिसनच्या फोनोग्राफवर, मेणाच्या नळकांड्यावर, आपल्या पाळीव पक्ष्याचं गाणं उतरवलं. पक्षी कुठला? शामा. आपल्या सह्याद्रीतही गाणारा!

पुढे १९२९ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या आर्थर ॲलन आणि पीटर पॉल केलॉग यांनी इथाकाच्या एका बागेत रानपक्ष्यांचे आवाज टिपले. त्यासाठी बोलपटाचं तंत्र वापरलं. त्यात आवाज फिल्मच्या कडेला प्रकाशाच्या खुणांनी उमटतो. म्हणजे आवाज डोळ्यांना दिसू लागला होता, पण वाचता येत नव्हता.

ते जमलं १९४० च्या दशकात. बेल प्रयोगशाळेत ध्वनीचा आलेख काढणारं यंत्र तयार झालं: आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर वारंवारता, आणि आवाज जितका मोठा तितकी रेघ गडद. हाच स्पेक्ट्रोग्राम. १९५० च्या दशकात केंब्रिजच्या विल्यम थॉर्प यांनी हे यंत्र चॅफिंच पक्ष्याच्या गाण्यासाठी वापरलं. इतरांपासून वेगळी वाढवलेली पिल्लं धड गात नाहीत, हे त्यांनी या आलेखांवरून दाखवलं. गाणं शिकावं लागतं, हे असं कागदावर दिसलं.

आजची ॲप्स इथूनच पुढे जातात. २०१८ चं बर्डनेट घ्या किंवा २०२१ मध्ये मर्लिनमध्ये आलेली आवाज ओळखण्याची सोय घ्या. फोन आवाजाचा स्पेक्ट्रोग्राम काढतो आणि न्यूरल नेटवर्क त्या चित्रातले आकार आधी शिकलेल्या आकारांशी ताडून बघतं. भृंगराजाने शिक्ऱ्याचाच आकार काढला, तर बिचारं ॲप काय करणार?

आता मुद्द्याचं. नेटवर्क शिकतं ते माणसांनी नावं दिलेल्या ध्वनिमुद्रणांवरून. कॉखचा पक्षी शामा होता हे आपल्याला कळतं, कारण तो पक्षी त्या मुलाच्या घरातच होता. पुढच्या संग्रहांचाही भरवसा अशाच माणसांवर उभा आहे. उद्या आपण ॲपने सुचवलेलं नावच खातरजमा न करता ध्वनिमुद्रणाला चिकटवून संग्रहात टाकू लागलो, तर ॲप स्वतःच्याच चुका पाठ करेल. आणि त्या नोंदींवर काम करणारे माझ्यासारखे लोक नसलेले पक्षी मोजत बसतील.

म्हणून ॲप जरूर वापरा, मीही रोज वापरते. फक्त त्याने सांगितलेल्या नावापुढे एक प्रश्नचिन्ह काढा, आणि पक्षी दिसला किंवा आवाजाची स्वतःला खात्री पटली की मगच ते खोडा. माझ्या वहीत सध्या अशी अकरा प्रश्नचिन्हं आहेत.