चित्रकथीतील युद्ध

रामायण-महाभारतातले युद्ध चित्रात कसे उतरवावे, हा प्रश्न आपल्याकडे निरनिराळ्या काळी निरनिराळ्या रीतीने सोडविला गेला. अकबराच्या आज्ञेने १५८२ मध्ये महाभारताचे फारसी भाषांतर हाती घेण्यात आले. त्याचे नाव ‘रज्मनामा’, म्हणजे युद्धाचा ग्रंथ. त्याच्या सचित्र प्रतीतील रणांगणात हत्ती, घोडे, रथ आणि योद्धे यांची पानभर दाटी आढळते. ते पान जवळ घेऊन सावकाश न्याहाळावयाचे असे.

आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्या वरच्या अंगाला पैठण आहे. त्या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील चित्रांचा मार्ग अगदी वेगळा आहे. कागदावर बहुधा मोजक्याच, पण मोठ्या आकृती. ठसठशीत रेषा, टपोरे डोळे. दोन वीर समोरासमोर उभे, आणि मध्ये बाणांच्या रेषा. मग अक्षौहिणी सैन्य गेले कोठे?

ते सांगणाऱ्याच्या वाणीत होते. चित्रकथी म्हणजे चित्र दाखवून कथा सांगणारा. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ ग्रंथात अशा कथेकऱ्याचा उल्लेख केला आहे. एकेक चित्र श्रोत्यांपुढे धरावयाचे आणि आख्यान लावावयाचे, ही त्याची रीत. लांब बसलेल्यालाही दिसावे, म्हणून आकृती मोठ्या. घोड्यांच्या टापा, शंखांचा नाद, वीरांची वाक्ये हे सारे कथेकऱ्याने पुरवावयाचे.

बभ्रुवाहनाचेच आख्यान घ्या. अश्वमेधाच्या घोड्यामागून अर्जुन मणिपुरास येतो आणि त्याची पोटच्या मुलाशी लढाई जुंपते. चित्रात दोन धनुर्धर दिसतील. पण हा बाप आणि हा लेक, हे शब्दांवाचून कळावे कसे? शब्द काढून घेतला, तर ती कोणाचीही लढाई ठरते.

हाच आजचा खरा प्रश्न होय. पोथ्यांची पाने सुटी होऊन देशोदेशींच्या संग्रहांत गेली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या संस्थांनी ती जपली, हे उपकार मोठेच. परंतु काचेआड कागद टिकतो, आख्यान टिकत नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्र आणि गायन दोन्ही एकत्र सांभाळले. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, ती या जोडीचाच गौरव आहे.

आपल्या मराठवाड्यात कीर्तनाची आणि पोथीवाचनाची सवय अजून मोडलेली नाही. तेव्हा पैठणच्या चित्रांपुढे त्यांची आख्याने पुन्हा म्हटली जावीत, एवढे तरी आपण करू शकतो. त्या चित्रांतील युद्ध पाहावयाचे असेल, तर ते ऐकलेही पाहिजे.