अध्यापन-संचिका

शिक्षकाने आपल्या अध्यापनकार्याचे लेखी व अन्य पुरावे निवडून, ते सुसंगत क्रमाने लावून आणि त्यांवर स्वतःचे चिंतन लिहून सिद्ध केलेला संग्रह म्हणजे अध्यापन-संचिका होय. शिक्षणशास्त्राच्या बी.एड. व एम.एड. या अभ्यासक्रमांत छात्राध्यापकाची व्यावसायिक तयारी पाहण्याचे एक साधन म्हणून ती वापरली जाते. घटक-नियोजन, पाठ-टाचणे, विद्यार्थ्यांच्या लेखनाचे नमुने, चाचण्या व त्यांचे विश्लेषण, मार्गदर्शकाची पाठ-निरीक्षणे आणि छात्राध्यापकाची आत्मपरीक्षणात्मक टिपणे यांचा तीत समावेश होतो. तथापि कागदांचा नुसता साठा म्हणजे संचिका नव्हे. अमुक पाठ असा का घेतला, त्यातून विद्यार्थी काय शिकले आणि पुढच्या पाठात कोणता बदल केला, या प्रश्नांची उत्तरे ज्या संग्रहातून मिळतात, त्यालाच ही संज्ञा यथार्थपणे लावता येते.

संचिका ही संज्ञा अलीकडची असली, तरी शिक्षकाने आपल्या कामाची लेखी नोंद ठेवण्याची प्रथा जुनी आहे. ही नोंद तपासनीसासाठी ठेवावयाची, परीक्षकासाठी की स्वतःसाठी, यावर तिचे स्वरूप अवलंबून राहिले. या स्थित्यंतराच्या अभ्यासास यवतमाळ जिल्हा विशेष उपयुक्त आहे. हैदराबाद संस्थानाकडून ब्रिटिशांच्या कारभाराखाली आलेला वऱ्हाड, मध्य प्रांत व वऱ्हाड, जुने मध्य प्रदेश राज्य, द्वैभाषिक मुंबई राज्य आणि १९६० नंतर महाराष्ट्र अशा निरनिराळ्या राजवटींच्या शिक्षणव्यवस्था या जिल्ह्याने अनुभवल्या. शिवाय मराठीखेरीज अन्य मातृभाषा असलेल्या मुलांची लक्षणीय संख्या येथील वर्गांत आढळते. त्यामुळे शिक्षकाच्या नोंदीत मुलाला कितपत स्थान आहे, हा प्रश्न येथे अधिक तीव्रतेने उभा राहतो.

पूर्वेतिहास : १८५३ च्या तहान्वये वऱ्हाडचा कारभार ब्रिटिशांकडे आला आणि पुढच्याच वर्षी चार्ल्स वुड याचा शिक्षणविषयक खलिता प्रसिद्ध झाला. शिक्षण खात्याची स्थापना, शाळांची तपासणी, अनुदानपद्धती व शिक्षकांचे प्रशिक्षण यांचा पुरस्कार या खलित्यात करण्यात आला होता. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित संहितेने परीक्षेच्या निकालावर अनुदान ठरविण्याची पद्धत आणली व मुख्याध्यापकाने शाळेची रोजनिशी ठेवावी, असा नियम केला. हिंदुस्थानातही निकालावर आधारित अनुदानाची पद्धत काही प्रांतांत अवलंबिली गेली. शाळेतील हजेरीपट, साठा-नोंदवही व तपासनिसाचे शेरेबुक ही सर्व वरिष्ठांना हिशेब देण्याची साधने होती. किती मुले हजर होती व किती उत्तीर्ण झाली, हे त्यांतून कळे; परंतु न समजलेला भाग शिक्षकाने पुन्हा कसा शिकविला, याचा मागमूस त्यांत नसे.

शिक्षकाची पात्रता हा सामाजिक प्रश्न आहे, ही जाणीव महाराष्ट्रात त्याच काळात व्यक्त झाली. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगाला सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांना पुरेसा पगार मिळावा आणि ते शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, अशी मागणी केली. विद्यार्थ्यांचे जीवन जाणणारा शिक्षक हवा, हा तिचा गाभा होता.

पंचपदी व पाठ-टाचण : पाठाच्या लेखी आराखड्याला शास्त्रीय स्वरूप मिळाले, ते जर्मन शिक्षणतज्ज्ञ योहान फ्रीड्रिख हेर्बार्ट (१७७६–१८४१) याच्या विचारांमुळे. त्याच्या अनुयायांनी पूर्वतयारी, विषयप्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण व उपयोजन अशा पाच पायऱ्या निश्चित केल्या. मराठी शिक्षणक्षेत्रात त्या ‘पंचपदी’ या नावाने परिचित आहेत. मुंबईस १९०६ मध्ये माध्यमिक शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय सुरू झाले. मध्य प्रांत व वऱ्हाडातील पदवीधर शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे प्रमुख केंद्र जबलपूरचे स्पेन्स ट्रेनिंग कॉलेज हे होते. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन झाल्यावर वऱ्हाडातील उच्च शिक्षणाला जवळचे विद्यापीठ मिळाले. बी.टी. ही शिक्षणशास्त्राची पदवी कालांतराने बी.एड. या नावाने ओळखली जाऊ लागली.

या प्रशिक्षणात पाठ-टाचणाची वही हाच छात्राध्यापकाचा मुख्य दस्तऐवज असे. डाव्या बाजूस आशय, उजवीकडे पद्धती, शेवटी फलकलेखन व स्वाध्याय असा तिचा साचा होता. सराव पाठाच्या आदल्या दिवशी ती तपासून घ्यावयाची आणि पाठानंतर निरीक्षकाचा शेरा तीत उतरावयाचा, असा प्रघात पडला. या वहीने नवशिक्या शिक्षकाला विचारांची शिस्त लावली, हे तिचे श्रेय मान्य केले पाहिजे. परंतु टाचण पाठापूर्वी लिहिले जाते. प्रत्यक्ष वर्गात काय घडले, हे सांगण्यास त्यात जागा नसते. मुलांची उत्तरेही शिक्षकाने आधीच कल्पून लिहिलेली असतात व ती बहुधा बरोबरच असतात. वहीतला पाठ आणि वर्गातला पाठ यांत पडणारे हे अंतर हा या पद्धतीचा मूळ दोष होय.

मूलोद्योग शिक्षणातील नोंद : यवतमाळ व वर्धा या जिल्ह्यांमधून वाहणारी वर्धा नदी ही त्यांची सीमा आहे. या नदीपलीकडे वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योग शिक्षणाची योजना तयार केली [⟶ मूलोद्योग शिक्षण]. मध्य प्रांत व वऱ्हाडाच्या तत्कालीन मंत्रिमंडळाने विद्यामंदिर योजना हाती घेतली. सूतकताई, शेती इ. उद्योगांशी विषयांचा समवाय साधावयाचा असल्यामुळे शिक्षकाला तयार टाचणावर विसंबता येत नसे. मुलाने किती सूत काढले, ते किती तुटले, त्यातून गणिताचा कोणता प्रश्न निघाला, यांची नोंद कामाच्या ओघात ठेवावी लागे. झालेल्या कामाची व मुलाच्या प्रगतीची नोंद हा अध्यापनाचाच भाग आहे, हा विचार या पद्धतीने रुजविला. ही योजना कालौघात मागे पडली. तथापि संचिकेच्या कल्पनेशी तिचे नाते पाठ-टाचणापेक्षा अधिक जवळचे आहे.

स्वातंत्र्योत्तर काळ : विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) प्रशिक्षणात प्रत्यक्ष शाळेतील कामाला अधिक वेळ व मूल्यमापनात अधिक वजन द्यावे, अशी शिफारस केली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) छात्राध्यापक ठरावीक संख्येचे सुटे पाठ देतात व त्यांपैकी अनेक पाठांचे नीट निरीक्षणही होत नाही, या उणिवेवर बोट ठेवले. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या प्रादेशिक महाविद्यालयांनी १९६३ च्या सुमारास आंतरवासितेचा, म्हणजे शाळेत सलग काही काळ राहून काम करण्याचा, प्रयोग सुरू केला होता; परंतु त्याचा सार्वत्रिक प्रसार होण्यास दीर्घ काळ जावा लागला.

बेंजामिन ब्लूम व त्याचे सहकारी यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या शैक्षणिक उद्दिष्टांच्या वर्गीकरणामुळे टाचणात उद्दिष्टे व स्पष्टीकरणे यांचे रकाने आले. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ च्या सुमारास विकसित झालेले सूक्ष्म अध्यापन भारतात बडोदे येथील शिक्षणशास्त्राच्या प्रगत अध्ययन केंद्राने रुजविले. अल्पावधीचा पाठ, प्रत्याभरण, पुनर्नियोजन व पुन्हा पाठ या चक्रामुळे एकाच पाठाचे दोन आराखडे शेजारी-शेजारी ठेवून पाहण्याची सवय छात्राध्यापकाला लागली. यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालये १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या (आताचे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ) कक्षेत आली. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने सेवेतील शिक्षकांसाठी दूरशिक्षणाद्वारे बी.एड. अभ्यासक्रम चालविला. दूरशिक्षणात मार्गदर्शक नेहमी समोर नसल्यामुळे लेखी नोंदीचे महत्त्व वाढणे स्वाभाविक होते.

संचिकेची संकल्पना : चित्रकार व वास्तुविशारद आपल्या निवडक कामाचा संग्रह दाखवून पात्रता सिद्ध करतात. हीच कल्पना अध्यापनास लावण्याचा प्रयत्न प्रथम कॅनडात झाला. तेथील विद्यापीठीय अध्यापकांच्या संघटनेने १९८० च्या सुमारास त्यासाठी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. अमेरिकेत डोनाल्ड शॉन याने १९८३ मध्ये चिंतनशील व्यावसायिकाची संकल्पना मांडली : कुशल व्यावसायिक काम करता करताच विचार करतो आणि आपल्या अनुभवाची फेरतपासणी करतो. ली शुलमन याच्या नेतृत्वाखाली स्टॅनफर्ड विद्यापीठात १९८६ ते १९९० या काळात शिक्षक-मूल्यमापनाचा प्रकल्प झाला व त्यात संचिकांची पद्धतशीर चाचणी घेण्यात आली. तथापि देखाव्याला आशयापेक्षा महत्त्व येणे, क्षुल्लक गोष्टींचा भरणा होणे आणि फक्त उत्तम तेवढेच दाखविल्याने चित्र दिशाभूल करणारे ठरणे, हे धोकेही शुलमननेच नंतर दाखवून दिले.

भारतात राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २००९ च्या अभ्यासक्रम-आराखड्याने चिंतनशील शिक्षकाचे ध्येय पुढे ठेवले. महाराष्ट्रातील डी.एड. संस्थांच्या मान्यतेच्या वादातून सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्याच्या २०१२ च्या अहवालानंतर परिषदेने २०१४ चे विनियम केले. त्यांनुसार २०१५-१६ पासून बी.एड. व एम.एड. हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे झाले आणि बी.एड. मध्ये शाळेतील कामाचा अवधी २० आठवड्यांचा करण्यात आला. पैकी १६ आठवडे दुसऱ्या वर्षी सलग आंतरवासितेसाठी ठेवण्यात आले. सुट्या पाठांऐवजी सलग काम आल्यामुळे संचिकेला आवश्यक असलेला काळ प्रथमच उपलब्ध झाला. कारण बदल दाखविण्यासाठी बदल घडण्याइतका अवधी लागतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) मात्र चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमावर भर दिला असून २०३० पर्यंत तीच शिक्षकाची किमान पात्रता व्हावी, असे म्हटले आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील संदर्भ : २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. १८·५ टक्के होते. कोलाम, गोंड, परधान व आंध या येथील प्रमुख जमाती आहेत. कोलामांची गणना विशेष असुरक्षित जमातींत होते. कोलामी व गोंडी या द्राविडी भाषा असून बंजारा समाजाची गोरमाटी ही राजस्थानीशी जवळीक असलेली भाषा आहे. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव इ. तालुक्यांतील शाळेत पहिलीच्या वर्गात येणाऱ्या कोलाम मुलाला पाठ्यपुस्तकातील मराठी ही जवळजवळ परकी भाषा असते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात अध्यापनाचे माध्यम व्यवहार्य असेल तेथवर मुलाची मातृभाषा असावे, असे म्हटले आहे. ते व्यवहारात आणण्याचा भार अखेर वर्गशिक्षकावर पडतो.

छापील साच्यातील टाचण सर्व मुलांची भाषा एकच आहे, असे गृहीत धरते. प्रश्नाला उत्तर आले नाही, की ‘विद्यार्थी निरुत्तर’ एवढीच नोंद होते. मुलाला संबोध कळला नाही की केवळ प्रश्नाची भाषा कळली नाही, याचा उलगडा त्यातून होत नाही. आणि हा भेद न कळल्यास भाषेच्या अडचणीवर मतिमंदपणाचा शिक्का बसतो. संचिका लिहिणारा शिक्षक तोच प्रश्न चित्राच्या, वस्तूंच्या किंवा मुलाच्या भाषेतील एखाद्या शब्दाच्या आधारे पुन्हा विचारतो व दोन्ही वेळची उत्तरे जपून ठेवतो. कापूस वेचणीच्या हंगामात हजेरी घटते, तेव्हा मागे पडलेल्या मुलांसाठी घटकाची फेररचना कशी केली, हेही तीत येते. वेचलेल्या कापसाचे वजन व मजुरी यांवरून गणिताचा पाठ घेतला असेल, तर मुलांनी मांडलेले हिशेब हा त्याचा पुरावा ठरतो.

रचना : चांगल्या संचिकेचे स्थूलमानाने पाच भाग असतात. पहिल्यात शिक्षकाची शिक्षणविषयक भूमिका थोडक्यात मांडलेली असते. दुसऱ्यात शाळा, परिसर व वर्ग यांचे वर्णन येते. तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा. त्यात एका घटकाची सलग पाठमाला, तिची मूळ व सुधारित टाचणे आणि प्रगत, मध्यम व मागे पडलेल्या विद्यार्थ्यांच्या कामाचे दिनांकित नमुने असतात. चौथ्यात मार्गदर्शक व सहाध्यायी यांची निरीक्षणे आणि चाचण्यांचे विश्लेषण, तर पाचव्यात आत्मपरीक्षण व पुढील कामाचा संकल्प असतो. एम.एड. स्तरावर यांत कृतिसंशोधनाची भर पडते. विद्यार्थ्यांची नावे गाळावीत आणि छायाचित्रे पालकांच्या संमतीशिवाय वापरू नयेत, हे संकेत काटेकोरपणे पाळले जाणे इष्ट असते.

मूल्यमापन : संचिकेला गुण द्यावयाचे ठरले, की ती पुन्हा परीक्षकासाठी लिहिली जाऊ लागते. आधीच्या वर्षाच्या वह्या उतरवून काढणे, सुशोभनावर वेळ दवडणे, फसलेला पाठ लपविणे हे टाचण-वहीचे जुने दोष नव्या नावाने परत येऊ शकतात. त्यावर उपाय म्हणजे संचिकेवर तोंडी चर्चा घेणे आणि न जमलेल्या पाठाच्या प्रामाणिक विश्लेषणाला जमलेल्या पाठाइतकेच श्रेय देणे. शिक्षक-प्रशिक्षणाचा इतिहास पाहता शेरेबुकाने शिक्षकाला वरिष्ठांपुढे उत्तरदायी केले व टाचणाने परीक्षकापुढे. त्याला वर्गातील मुलापुढे उत्तरदायी करणे, हे संचिकेचे वेगळेपण आहे. फसलेल्या पाठाला तीत जागा असेपर्यंतच ते टिकून राहील.