हलणे आणि फळणे

कोल्हापुरात म्हशीच्या धारेची गोष्ट काढली की ऐकणाऱ्यांचे कान टवकारतात. डुकराची काढली की नाके मुरडली जातात. तरीही आज आम्ही ती काढणार आहोत. गोठविलेल्या वीर्याने येथील गाईम्हशी गाभण राहतात, त्यामागे जो इतिहास आहे, त्यातले सर्वांत बोधप्रद प्रकरण वराहाचेच आहे.

आपल्या देशात कृत्रिम रेतनाचा आरंभ १९३९ साली म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत डॉ. संपत्कुमारन यांनी केला. १९४३ मध्ये अलाहाबादेस या रीतीने म्हशीचे पहिले रेडकू जन्मले. परंतु तेव्हा वीर्य ताजे, किंवा फार तर काही दिवस थंड ठेवलेले, असेच वापरावे लागे.

१९४९ साली लंडनजवळच्या मिल हिल येथील संशोधनसंस्थेत पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांनी हे बंधन तोडले. आणि तेही एका चुकीमुळे. फळसाखरेच्या द्रावणात कोंबड्याचे वीर्य गोठवून ते थकले होते. पुढे एके दिवशी त्याच साठ्यातील द्रावणात शुक्राणू अकस्मात जिवंत राहिले. तपासता बाटलीत साखर नव्हतीच, होते ग्लिसरीन! १९५१ मध्ये गोठविलेल्या वीर्यापासून वासरू जन्मले. महाराष्ट्रात मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे स्थापिलेल्या 'बाएफ' संस्थेने पुढे हे वीर्य शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेले.

मग वराहाचे अडले कोठे? त्याच्या शुक्राणूच्या आवरणात कोलेस्टेरॉल कमी असते. पारा सुमारे १५ अंशांखाली झपाट्याने उतरला, की बर्फ होण्यापूर्वीच ते आवरण फाटू लागते. वळूच्या वीर्यात ग्लिसरीन शेकडा सात चालते. वराहाच्या वीर्यात दोन-तीनच्या फार पुढे गेले की तारकच मारक ठरते. म्हणून अंड्याच्या पिवळ्या बलकाचा आधार घेतला गेला. बलक नीट मिसळावा म्हणून साबणाच्या जातीचे एक द्रव्यही अगदी अल्प प्रमाणात घातले गेले. अलीकडे आवरणातील स्निग्धांश प्राणवायूने खराब होऊ नये म्हणून निरनिराळी द्रव्ये तपासली जातात.

पण खरा धडा निराळाच आहे. वितळविलेले शुक्राणू सूक्ष्मदर्शकाखाली वळवळत, आणि डुकरीण मात्र गाभण राहत नसे. १९७० साली पोल्ज, सालमन व विल्मट यांनी ते शस्त्रक्रियेने थेट बीजवाहिनीत सोडले, तेव्हा फलन झाले. म्हणजे बीज मेले नव्हते; लांबचा प्रवास करण्याची त्याची ताकद गेली होती. हलणे निराळे, फळणे निराळे! पुढे १९७१ पासून नेहमीच्या रेतनानेही पिले मिळू लागली. तरी आजही जगात वराहाचे रेतन बहुतांशी १७ अंशांच्या आसपास ठेवलेल्या द्रव वीर्यानेच होते.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाही. डुकरिणीचा माज वाया गेला तर तीन आठवडे खाद्य फुकट जाते, आणि तो भुर्दंड बसतो गरिबालाच. शिवाय गोव्याच्या 'आगोंदा गोवन'सारख्या देशी जातीचे बीज पुढच्या पिढ्यांसाठी राखायचे, तर गोठविण्यावाचून दुसरा टिकाऊ मार्ग नाही.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच, की कोणत्याही नव्या द्रव्याची कसोटी काचेवर नव्हे, खुराड्यात घ्यावी. किती शुक्राणू पोहले हे सांगणाऱ्याला शेतकऱ्याने एवढेच विचारावे : पिले किती झाली?